खोका नंबर नऊ

बेहाला, मंगळवार, संध्याकाळ

निघाली! माझ्या क्रेडिट रिपोर्टमधली थकबाकीची नोंद आज निघाली. तीनदा उघडून पाहिलं. नाव स्वच्छ आहे.

नागपूर सोडताना मी क्रेडिट कार्ड बंद केलं होतं. तरी त्याची वार्षिक फी थकवली म्हणून शिलाई मशीनचं कर्ज नाकारलं! थकवली? मी?

हे स्वतः बँकेत नोकरीला, आणि मलाच म्हणाले, "भरून टाक आणि मोकळी हो. अशा नोंदी कुठे निघतात?" पण जे मी देणं लागत नाही, ते का भरू? भरलं म्हणजे चूक कबूल केल्यासारखंच ना?

दर बदलीला कुठल्या खोक्यात काय भरलं, ते मी वहीत लिहिते. त्या वहीला घरात सगळे हसतात. त्याच वहीत सापडलं: 'खोका नऊ. पुरणयंत्र, मोदकाचे साचे, कार्ड बंद केल्याचं पत्र.' कोलकात्यात आल्यापासून तो खोका उघडलाच नव्हता. नोंद चुकीची आहे अशी तक्रार केली आणि तिला ते पत्र जोडलं. पहिली तक्रार फेटाळली, तेव्हा रडू आलं होतं, लपवत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तेच पत्र, खोका नऊमधलं.

मघाशी चहाबरोबर रिपोर्ट यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावून दोनदा वाचला. शाबासकी वगैरे नाहीच. मग हळूच विचारलं, "माझे फ्लॅटचे कागद कुठल्या खोक्यात आहेत गं?"

मी म्हटलं, "वहीत बघा."