गोठलेलं चित्र

ती. अक्का,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं. रुग्णाच्या खाटेपाशीच सोनोग्राफी कशी करायची, ते आम्हा नर्सिंगवाल्यांना शिकवतात. सरावाला एकमेकांच्याच छातीवर जेल फासतो. परवा सोबत्याचं हृदय पडद्यावर बघत होतो, ते एकाएकी थांबलं. मी "देवा!" म्हणून ओरडलो. तो पडल्या पडल्या म्हणाला, "अहो काका, जिवंत आहे मी! चित्र गोठवायचं बटण दाबलंत तुम्ही." सगळे पोट धरून हसले, मीही हसलो.

काल अपघात विभागात आपल्या आबांच्या वयाचे एक गृहस्थ आणले. त्यांचं हृदय पडद्यावर हलेना. मी बटण दाबलं, परत परत दाबलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. "काका, चित्र चालूच आहे."

तेव्हापासून जपाला बसलो की अंगठा प्रत्येक मणी दाबून बघतो.

आबांचा दमा कसा आहे? ते झोपले की त्यांच्या छातीवर जरा हात ठेवून बघत जा. जागे होऊन तुझ्यावर खेकसले, तर तेवढं मला लगेच कळव.

तुझ्या मायेतला,
धाकटा