कट्ट्यावर कोणी बसत नाही

९ जानेवारी, गुरुवार

आजही कट्ट्यावर कोणी नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, दिवेलागणीला तर नाहीच. मी समोर कडुनिंबाच्या रोपांना पाणी घालायचं सोंग करत उभी होते. एका रोपाला इतकं पाणी झालं की ते पोहायला लागायचंच बाकी होतं.

काय चुकलं? बसायची उंची मुद्दाम बेताची ठेवली, म्हाताऱ्यांना उठताना गुडघे धरायला नकोत म्हणून. पाठ टेकायला भिंत आहे. डोक्यावर जुन्या करंजाची सावली. दोन्ही बाजूंना सौर दिवे. वर निळ्या अक्षरांत पाटी – महिला कट्टा. गेल्या वर्षापर्यंत या गायरानात नुसती वेडी बाभूळ होती, आत गेलेला माणूस फाटके कपडे घेऊन बाहेर यायचा. आता पायवाट आहे, रोपं आहेत, बसायला जागा आहे. आणि बसायला माणूस नाही!

बैठकांमध्ये विचारलं नव्हतं असंही नाही. तुम्हाला काय हवं, कुठे हवं, सांगा. बायका पदर सावरून सरपंच बद्रीनाथभाऊंकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही कराल ते बराबर." मी तो होकार समजून नकाशा काढला.

सात वाजता जालन्याहून सासूबाईंचा फोन. कुठे आहेस? साइटवर. साइट म्हटलं की फोन लवकर संपतो. रोज इथवर येणं-जाणं जमणार नाही, म्हणून त्यांनी गावातल्या द्वारकाबाईंच्या घरात पुढची खोली भाड्याने घेऊ दिली, हेच खूप झालं.

११ जानेवारी, शनिवार

कट्ट्यावर आज एक शेळी बसली होती. शेळी म्हणजे बाईमाणूसच. नोंद करायला हरकत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज कट्टा भरून वाहिला! सरपंचांच्या बायकोने संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच ठेवलं. गल्लीच्या टोकाला राहणारी साजियाभाभीसुद्धा आली होती, तिच्याकडे सगळं गाव ब्लाउज शिवायला टाकतं. फरशीवर जागा उरली नाही म्हणून काहीजणी पायवाटेवर बसल्या. फोटो काढले. बद्रीनाथभाऊ लांबून बघून गेले आणि मला म्हणाले की आता निधी देणाऱ्या कंपनीच्या लोकांना बोलवायला हरकत नाही, दुसऱ्या टप्प्याचा निधी पक्का समजा.

दुसरा टप्पा म्हणजे पलीकडचा कोपरा. तेवढ्या तुकड्यात वेडी बाभूळ अजून उभी आहे. ती काढून तिथे मुलींसाठी खेळायची जागा करायची आहे.

फक्त एक खटकलं. द्वारकाबाईंची सून दैवशाला कट्ट्याच्या एका टोकाला बसली होती आणि दुसऱ्या टोकाला बेबीनंदा. दोघी सख्ख्या मावसबहिणी, एकाच गावात दिलेल्या. पण बांधावरून दोन्ही घरांत दोन वर्षं बोलणं नाही, म्हणून त्यांच्यातही नाही. सगळ्या बायका तिळगूळ देऊन एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि या दोघी फरशीकडे बघत होत्या. इतकं कसं भिनतं माणसांत?

१६ जानेवारी, गुरुवार

कट्टा रिकामा. तीळ खायला मुंग्या तेवढ्या आल्यात.

१८ जानेवारी, शनिवार

डोकं चक्रावलंय!

आज दिवेलागणीला खिडकीतून बघत होते. बायका निघाल्या – दोघी, तिघी, मग आणखी. हातात टमरेल. कट्ट्यावरून, माझ्या त्या सुंदर कट्ट्यावरून सरळ पुढे, वेड्या बाभळीच्या कोपऱ्यात! साजियाभाभी होती. दैवशालाही होती. म्हणजे माझ्या पाटीसमोरून उघड्यावर बसायला जायचं! अरे, घरोघरी संडास आहेत. द्वारकाबाईंकडे तर टाइल्स लावलेला आहे, नळाला पाणी आहे. वेशीवर हागणदारीमुक्त गावाची कमान आहे, तिच्याखालून उसाचे ट्रॅक्टर दिवसभर अंकुशनगरच्या साखर कारखान्याला जातात.

द्वारकाबाईंना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या, मान वर केली नाही. "सवय असती बायांची," म्हणाल्या. दैवशालाला विचारलं तर ती लाजून चुलीत फुंकायला लागली. चूल चांगली पेटलेली होती.

मला राग आला, खरंच आला. कुणासाठी करतोय आपण हे?

१९ जानेवारी, रविवार

सकाळी नाकाला ओढणी बांधून कोपरा मोजायला गेले.

कसला वास नाही. घाण नाही. काही म्हणजे काहीच नाही! बाभळीच्या आत एक वाट आहे, वाकून जावं लागतं. मधली जमीन झाडल्यासारखी. गोल मांडलेले दगड, बसून बसून गुळगुळीत झालेले. भुईमुगाची टरफलं, टिकल्यांचं रिकामं पाकीट, बांगडीचा तुकडा.

मग त्या जातात कुठे? इथून पुढे गोदावरीपर्यंत नुसता ऊस आहे. पोरं इथे पत्ते कुटत असतील, पण पोरं टिकल्या कशाला आणतील?

काही कळत नाही. खोलीवर येऊन नकाशा पुन्हा बघितला. नकाशात सगळं कळतं.

२१ जानेवारी, मंगळवार

बद्रीनाथभाऊंना सांगायला नको होतं. पण सांगून बसले – बायका अजून बाहेर जातात म्हणून. त्यांचा चेहरा पडला. कंपनीचे लोक महिनाअखेरीला येणार आणि गावाची अशी शोभा. ते म्हणाले, गुरुवारी सकाळी जेसीबी लावून कोपरा सपाट करून टाकू. झाडंच राहिली नाहीत तर जातील कुठं?

मला तर बरंच वाटलं. दुसऱ्या टप्प्याचं काम आपोआप सुरू होईल.

जेवताना द्वारकाबाईंना हे सांगितलं. दैवशाला वाढत होती. भाकरी माझ्या ताटात पडायची ती पाटावर पडली.

२२ जानेवारी, बुधवार

अक्षर बिघडतंय. लिहूनच ठेवते.

संध्याकाळी दैवशाला घाईने निघाली. उंबऱ्यात ठेचकाळली, हातातलं टमरेल सुटलं आणि घरंगळत माझ्या पायाशी आलं. अंगावर पाणी उडेल म्हणून मी टुणकन बाजूला झाले. एक थेंबही सांडला नाही. उचलून आत बघितलं तर तळाशी कोळ्याने जाळं केलेलं.

मी टमरेलाकडे बघतेय, ती माझ्याकडे. अंगणात दुसरं कोणी नव्हतं.

"पाणी?" मी विचारलं.

"पाणी कशाला न्यायचं ताई? पाणी लागत न्हाई तिथं." मग अगदी हळू म्हणाली, "कट्ट्यावर बसायला जाते म्हणलं तर घरात इच्यारतेत, काय काम हाय तिथं? घरची कामं सरली का? टमरेल हातात असलं की कोणी इच्यारत न्हाई."

तिथे, त्या दगडांवर, ती आणि बेबीनंदा शेजारी शेजारी बसतात. रोज. दोन वर्षं! संक्रांतीला फरशीकडे बघत होत्या ते एवढ्यासाठी की चारचौघांत ओळख दिसायला नको. मावशी आजारी आहे, तिची खबर बेबीनंदाच्या फोनवर येते आणि बाभळीत दैवशालाला कळते. साजियाभाभीची पोरगी जालन्याला एमआयडीसीतल्या पोराशी लग्न करायचं म्हणतेय, ते घरी बोलायच्या आधी तिथे बोलून झालंय. कुणी रडून घेतं, कुणी नुसतं बसतं. दिवे नाहीत म्हणून कोण कुणाशेजारी बसलंय ते रस्त्यावरून दिसत नाही.

"सासूबाईंना माहीत आहे?"

"आत्या बी जायच्या की. आता गुडघे दुखतेत म्हणून न्हाई जात." आणि जाता जाता म्हणाली, "उद्या जेसीबी येऊन राह्यलाय. मंग तिची माझी गाठ कुठं पडायची ते सांगा तुम्हीच."

टमरेल घेऊन गेली.

जेसीबी मी आणलाय. थांबवायचा कसा? खरं कारण सांगून वाचवावं तर सांगितल्या क्षणी ते संपलं! बद्रीनाथभाऊंना कळलं म्हणजे चावडीला कळलं, चावडीला कळलं म्हणजे दोन्ही घरांना. उद्यापासून टमरेल बघूनही विचारतील.

कॉलेजात काय शिकवलं होतं? जागेला ओळख द्या, उजेड द्या, लोक येतील. पाच वर्षं शिकले. इथे लोक आहेत, जागा आहे, आणि ओळख आणि उजेड दिला की दोन्ही जातील. मग मी नक्की काय करायला आलेय?

२३ जानेवारी, गुरुवार

जेसीबीच्या आधी सरपंचांच्या दारात पोहोचले. ते दात घासत होते. रात्री मनाशी ठरवलेलं कारण सांगितलं – तिथे साप आहेत, त्यांना उगाच हलवणं बरं नाही.

"मंग तर बिलकुल थांबायचं न्हाई. आजच पाडू!"

गाढव आहे मी.

मग पाण्यावर आले. म्हटलं, सगळ्या गायरानाचा उतार त्या कोपऱ्याकडे आहे. झाडं काढली तर पहिल्या पावसात माती वाहून रस्त्यावर येईल. पाणी मुरायला तो तुकडा तसाच हवा. हे अगदी खोटंही नाही. पण त्यांनी टूथब्रश बाहेर काढला आणि शांतपणे विचारलं, वेडी बाभूळ जमिनीची दुश्मन असते, हे ग्रामसभेत पडद्यावर चित्रं दाखवून कोण बोलल्तं? मीच बोलल्ते. चांगली अर्धा तास बोलल्ते.

"सगळीच बाभूळ वाईट नसते, भाऊ," मी म्हणाले. असलं वाक्य माझ्या तोंडून निघेल असं वाटलं नव्हतं.

त्यांनी तांब्या उचलला. मग चूळ भरली. नकाशावर तसं लिहून द्या, म्हणाले, कंपनीवाल्यांनी इच्यारलं तर माझ्यावर यायला नको. आणि बायांनी तिकडं जाऊ नये म्हणून एक दिवा लावा. मी सांगितलं, दिवे संपले. तीन शिल्लक आहेत, माझ्या खाटेखाली.

जेसीबी चहा पिऊन परत गेला. म्हणजे ड्रायव्हर.

नकाशावरून खेळायची जागा पुसली. तिथे लिहिलं – पाणी मुरण्याची जागा. आत जाऊ नये. कट्ट्याजवळच्या एका दिव्याचा उजेड कोपऱ्याच्या तोंडापर्यंत जात होता, शिडी लावून त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

दैवशालाने वाढलं. ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा होता.

३० जानेवारी, गुरुवार

कंपनीचे लोक येऊन गेले. संक्रांतीचे फोटो बघून खूश. कोपऱ्याबद्दल कोणी विचारलं नाही, उलट पाणी मुरण्याच्या जागेचं कौतुक केलं. खेळाची जागा गेली म्हणून दुसऱ्या टप्प्याचा निधीही गेला. म्हणजे माझं इथलं काम या आठवड्यात संपलं.

त्यांच्या फॉर्मवर एक प्रश्न होता. या जागेचा स्त्रियांना उपयोग होतो का? हो लिहावं तर कट्टा रिकामा. नाही लिहावं तर त्या तिकडे बसलेल्या आहेत. हो लिहिलं. मग वाटलं, त्यात माझं काय? मी तर फक्त एक जेसीबी आणला आणि परत पाठवला. पण मुलींची खेळायची जागा मीच पुसली, तीही खरीच हवी होती. बरोबर केलं की चूक, खरंच सांगता येत नाही. कुणाला विचारायचीही सोय नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

बांधाबांध. उद्या जालना. आज साइटवर जायचं काही कारण नव्हतं, तरी गेले. करंजाखाली बसले. कट्टा खरंच चांगला झालाय, पाठ छान टेकते. घरी या वेळी कणीक मळत असते आणि बैठकीतून आवाज येत असतो, चहा झाला का. इथे कोणी हाक मारत नाही. हे मला आवडायला लागलं होतं, ते आज बांधाबांध करताना कळलं.

बायका टमरेल घेऊन समोरून गेल्या. माझ्याकडे बघून हसल्या. बोलावलं नाही. बोलावतील असं मला का वाटलं होतं?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सासूबाईंचा फोन. काम तर झालं म्हणतेस, मग किती वाजता निघतेस?

बॅग दारात भरून ठेवलेली होती. मी म्हणाले, "एक कोपरा राहिलाय अजून. आठ दिवस तरी लागतील."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही.