उरल्याचा ट्रक रिकामा परत गेला

प्रिय आई,

विजूभाऊजी आज सकाळी रागावून नागपूरला परत गेले. चहासुद्धा घेतला नाही. तुम्ही असता तर तुमच्या या धाकट्या लेकाला दारातून हात धरून आत आणलं असतं आणि आम्हा दोघांनाही झापलं असतं. त्यांना जरा जास्त, मला जरा कमी. आता ते काम करायला घरात कोणी नाही, म्हणून मीच लिहायला बसले. झालं ते माझ्याकडून ऐका. नंतर म्हणू नका की सुनेनं लपवलं!

गोष्ट तुमच्या गाडीचीच आहे. दुसऱ्या कशावरून या घरात एवढा आवाज चढणार?

तुमच्या अस्थी राजिमच्या संगमावर न्यायच्या त्या दिवशी श्रावणाची झड लागली होती. मी हट्ट धरला, कलश आईंच्या अँबॅसॅडरमधूनच जाईल. मी चालवत होते, हे शेजारी कलश मांडीवर घेऊन बसले होते, मागे विजूभाऊजींची नवी गाडी. तेलीबांध्याच्या तलावापाशी तुमची गाडी मिसिंग मारायला लागली. गचके खात थोडी पुढे गेली आणि भर रस्त्यात बंद पडली. मागून हॉर्न, वरून पाऊस. शेवटी कलश भाऊजींच्या गाडीत ठेवला. जन्मभर एसीला नावं ठेवलीत आणि शेवटी एसीतूनच गेलात! मला त्या दिवशी रडू आलं ते तुमच्यासाठी होतं की गाडीसाठी, खरंच सांगता येत नाही.

राजिमहून परतताना भाऊजींनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, काहून जीव लावून राहिल्या त्या डब्याले? आई गेली, आता तिलेबी जाऊ द्या."

आई, "तिलेबी जाऊ द्या" हे मला फार लागलं. माणूस गेलं की त्याच्या वस्तूंनी लगेच मागोमाग निघायचं असतं का?

आपले रमेश भैया, नेहमीचे मेकॅनिक, त्यांना बोलावलं. त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. गाडी छान चालली. मग पुन्हा पाऊस आला आणि पुन्हा तेच. रमेश भैया हात पुसत म्हणाले, "दीदी, इंजन थक गया है. अब आराम करने दो." तुमच्या लेकानं, म्हणजे यांनी, तेवढं ऐकलं आणि भावाला फोनवर सांगून टाकलं, "तुले जे बरं वाटते ते कर बाबा." भाऊजींनी लगेच उरल्याचा, त्या लोखंडाच्या कारखान्यांकडचा, एक भंगारवाला गाठला. गाडी वजनावर विकायची. तिथल्या भट्टीत जाऊन तिची सळई होणार!

मला कोणी विचारलं? नाही.

तुम्हाला तरी कोणी विचारलं होतं? मामंजी गेले तेव्हा तुम्ही रेल्वेच्या ऑफिसात नुकत्या लागलेल्या, दोन पोरं लहान, आणि दारात त्यांनी हौसेनं आणलेली ही गाडी. सगळे नातेवाईक म्हणत होते, विकून टाक, बाईमाणूस काय करणार गाडीचं. तुम्ही कॉलनीच्या मैदानात, नऊवारी नाही पण पाचवारीचा काचा मारून, गाडी शिकलात. भिंतीला ठोकलीत, पुन्हा बसलात. हे सगळं तुम्हीच तर मला सांगितलंय, दर दिवाळीला, थोडं थोडं वाढवून.

आणि मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच मैदानात मला बसवलंत. "शैला, स्टिअरिंग हाये ते, लाटणं नोहे. काहून घाबरून राहिली?" माझ्या माहेरी सायकलसुद्धा भावाची होती, आई. तुम्ही मला गाडी दिलीत.

पण बोनट नाही दिलंत! एवढी एक तक्रार आहेच माझी. बोनट उघडलं की म्हणायचात, "तू चहा ठेव, हे मायं काम आहे." मी तोडफोड करीन असं वाटायचं? की सगळं घर सगळ्यांना वाटून दिल्यावर तेवढी एक जागा तुम्हाला स्वतःची हवी होती? तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मग जाताना निदान सांगून तरी जायचं, आत काय काय आहे ते!

तर मी बोनट उघडलं. कोणाला न विचारता.

आधी नुसती बघत राहिले, चार-पाच दिवस. ऊन असलं की गाडी गुमान चालायची. हवा ओली झाली की खोकायची. तुमच्या दम्याच्या रात्री मी काढल्यात, आई, ओल्या हवेचा खोकला मला ओळखता येतो. इंजिन थकलं असतं तर उन्हातही थकलं असतं ना? म्हणजे ओल कुठेतरी आत शिरत होती. प्लग नवे होते. मग त्या प्लगपर्यंत करंट नेणाऱ्या वायरींचं काय? वरून धड दिसत होत्या. एक वाकवून पाहिली तर रबराला बारीक बारीक भेगा, टाचेला पडतात तशा.

संध्याकाळी अंधारून आल्यावर शेडचं दार उघडं ठेवून यांना म्हटलं, गाडी सुरू करा. कपड्यांना इस्त्री करताना पाणी मारायची बाटली घेतली आणि वायरींवर फवारा मारला. आई! गाडी लगेच गचके खायला लागली आणि वायरींवर निळ्या ठिणग्या दिसल्या, तडतड करत इंजिनाच्या लोखंडावर उड्या मारत होत्या. प्लगला जाणारा करंट वाटेतच सांडत होता. मी आनंदानं बोट दाखवायला गेले आणि असा झटका बसला की बाटली हातातून उडाली.

"मरशील ना!" हे ओरडले.

"मरत नाही. इंजिन चांगलं आहे! वायरी गेल्यात फक्त!"

"पण विजूनं त्या माणसाले रविवारी बोलावलं आहे," हे म्हणाले. तुमचा हा मुलगा कायम असाच. भांडण दिसलं की त्याला कॅलेंडर आठवतं.

दुसऱ्या दिवशी शिलाईच्या टेपनं वायरींची मापं घेतली आणि गोल बाजाराच्या पुढे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "तैयार सेट अब नहीं आता. वायर काट के दे दूँगा. भैया को भेज दीजिए, नाप समझ लूँगा."

मी म्हटलं, "नाप भैया को नहीं मालूम. मुझे मालूम है."

त्यानं माझ्या मापानं वायर कापून दिली. दोन्ही टोकांना टोप्या कशा घट्ट बसवायच्या तेही दाखवलं, भला माणूस होता.

बदलायचं काम सोपं असतं, आई. एक जुनी काढायची, तिच्या जागी एक नवी लावायची, मग दुसरी. एका वेळी एकच. मी तसंच करत होते. मधे भाऊजींचा फोन आला, "वहिनी, गाडीतलं सामान काढून ठेवा." डोकं असं तापलं की रागाच्या भरात दोन वायरी एकदम उपटल्या आणि उलटसुलट लावल्या. किल्ली फिरवली तर धडाम्! सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार उडाला. पाऱ्यातले सगळे शेजारी बाहेर आले. समोरच्या शुक्ला दीदी गच्चीवरून विचारतात, "क्या फटा?" मी म्हटलं, "कुछ नहीं दीदी, सीख रही हूँ!" मग शांतपणे दोघींची अदलाबदल केली. सुरू झाली ती अशी की बोनटवर ठेवलेली वाटी हलेना.

आणि काल रविवार. सकाळपासून पाऊस कोसळत होता. भाऊजी नागपूरहून आले, त्यांच्यामागून उरल्याचा ट्रक, साखळ्या घेऊन. भाऊजी छत्रीतून ट्रकवाल्याला सांगत होते, "स्टार्ट नहीं होगी भैया, खींचना पड़ेगा."

मी चप्पल घातली, शेडमध्ये गेले. चोक ओढला, किल्ली फिरवली. पहिल्या फिरकीला चालू! गाडी तशीच बाहेर काढली, भर पावसात, ट्रकच्या शेजारून, आणि फाटकात आडवी उभी केली. वायपर तुमच्यासारखाच कुरकुरत होता.

"वहिनी, पागल झाल्या का?" भाऊजी ओरडले.

"हव," मी काच खाली करून म्हटलं. "झाली. आता बोला."

"सगळं ठरलं आहे!"

"कोणी ठरवलं? मी या घरात चालवते ती गाडी. मला न विचारता ठरलेलं मी नाही मानत."

ट्रकवाला पावसात भिजत होता. त्याचं काय चुकलं? त्यानं यांच्याकडे बघून विचारलं, "साहब, बेचना है कि नहीं? एक बात बोलो."

आई, तुमचा मोठा मुलगा जन्मात भावाच्या तोंडावर नाही म्हणाला नव्हता. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. मग म्हणाला, "नहीं बेचना." आणि भाऊजींकडे वळून, "विजू, गाडी घरीच राहीन."

इंजिन बंद न करता मी तिथेच बसून राहिले. ट्रक वळून रिकामाच परत गेला, तेव्हा कुठे किल्ली काढली.

भाऊजी रात्री इथेच जेवले. सकाळी निघाले तेव्हा मी म्हटलं, राग माझ्यावर धरा, भावावर नको. चहा तसाच ठेवून ते गाडीत बसले. येतील परत, तुमचाच मुलगा आहे. नाही आले तर मी जाईन. गाडी घेऊन जाईन!

आता माझा शब्द ऐका, आणि आवडो न आवडो, ऐकून घ्या. ही गाडी मी तुमच्यासारखी चादर घालून जपणार नाही. भाजीबाजारात नेईन, कोथिंबिरीच्या जुड्या मागच्या सीटवर टाकीन, कुठे ओरखडा पडला तर पडू देईन. बोनट उघडून काळ्या हातांनी रस्त्यात उभी राहीन, लोक बघतील तर बघोत. आणि एक दिवस मला झेपेनाशी झाली, तर ती कोणाला द्यायची हे मी ठरवीन. मी जिवंत असताना, माझ्या तोंडानं. माझ्यामागून कोणी साखळ्या घेऊन दारात येणार नाही, एवढं नक्की.

तुमची न ऐकणारी सून,
शैला