संडासाच्या भांड्यावरचा खार

आई, आज घरातला कमोड मी घासला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मालक झालास आनि हीच कामं उरली व्हय रं?" बोअरचं पाणी जड. नव्या घरात वर्ष झालं नाही तोवर भांड्यात पाण्याच्या रेषेपाशी पिवळट, दगडासारखा खार धरला. सुनेनं ॲसिडची बाटली आणवली. सकाळी मी पुढच्या खोलीत चहा घेत होतो, तेवढ्यात कामाच्या मावशींचा खोकला ऐकू आला.

निम्मं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं तरी माझे कान शाबूत आहेत, आणि तो खोकला त्यांच्या ओळखीचा आहे. वडगावात मागावरची पाळी सुटली की मी सायकलवरून तुला न्यायला, तू संडास धुवायचीस त्या लॉजवर यायचो. तू कुठल्या मजल्यावर आहेस ते जिन्यातच खोकल्यावरून कळायचं. खारासाठी तू ॲसिड ओतायचीस, आणि भांडं पांढरं दिसावं म्हणून त्यावरच ब्लीचिंग पावडर. दोन्ही मिळून जो धूर होतो तो माणसाला आतून जाळतो, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅनेजर खालून कन्नडात ओरडायचा, दार लावून घे, गिऱ्हाइकाला वास जातोय. तू लावून घ्यायचीस. बाहेर यायचीस तेव्हा डोळे लाल. "कांदा चिरल्यागत हुतंय, दुसरं काय न्हाय," म्हणायचीस. शेवटी शेवटी तुला आडवंच होता येईना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागायचा. माहेर तंबाखू-विड्यांच्या निपाणीचं म्हटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, विड्या ओढता का? तेवढ्या धापेतही तू म्हणालीस, "वळल्यात लई. वडली एक बी न्हाय." डॉक्टर हसले. मला हसता येत नाही, अजूनही.

आणि आज सून आतून म्हणते, "मावशी, दार लावून घ्या, हॉलपर्यंत वास येतोय." भाषा निराळी, वाक्य तेच. पोर चांगली आहे. मॅनेजरही तसा वाईट नव्हता. मी उठलो, दार सताड उघडलं. मावशींच्या हातात ब्लीचिंगचा पुडा, अजून न फोडलेला. "नुसत्या ॲसिडनं निघत न्हाय हो आण्णा," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे न्हाय निघालं तर," म्हणून पुडा काढून घेतला आणि त्यांना अंगणात वाऱ्याला बसवलं. बादल्यांनी पाणी ओतून ॲसिड घालवलं. सुनेला सगळं सांगितलं, तुझ्या खोकल्यासकट. तिनं बाटली परत पाठवली. मग गरम पाण्यात लिंबूसत्व कालवून भांड्यात ओतलं, दुपारभर ठेवलं आणि संध्याकाळी ब्रश घेऊन बसलो. बराच खार सुटला. रेषेपाशी थोडा आहे अजून, तो राहू दे.

हे टाकायला तुझा पत्ता नाही, तेव्हा कागद कपाटातच राहील. पण एक सांगून ठेवतो. मी घासत असताना फाटक वाजलं, व्याह्यांचा आवाज आला. आत कसलाही वास नव्हता, धूर नव्हता. तरी मी आतून दार लावून घेतलं.