ग्रेव्हनीचा रविवार

ग्योतोकु, १८ मे २०२५

तीर्थस्वरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि मेतकूट दोन्ही पोचलं. फोनवर ऐकू येत नाही म्हणून तुम्ही पत्रं लिहायला लागलात आणि इथे तुमच्या नातीला त्यांची चटक लागली. इंग्लंडच्या टॉम ग्रेव्हनीची कारकीर्द तुम्ही तिला हप्त्याहप्त्याने सांगताय, त्यातला ब्रेबॉर्नवरच्या १७५ धावांचा भाग परवा वाचून दाखवला. नुपूर मराठी वाचायचा कंटाळा करते, पण ऐकते कान देऊन आणि शंका जपानीत विचारते. नऊ वर्षांचे तुम्ही परक्या संघातल्या फलंदाजासाठी टाळ्या वाजवत होतात आणि मागची मंडळी रागावली, हे तिला फार आवडलं.

आता थोडं अवघड लिहिते. एप्रिलपासून नुपूर इथल्या मिडल स्कूलला जाते आणि शाळेच्या सॉफ्टबॉल क्लबात आहे. इथे शाळेचा क्लब म्हणजे गंमत नाही. सराव रविवारीसुद्धा असतो आणि दांडी मारली तर सगळ्यांशी दगा केल्यासारखं धरतात. पण जपानला आल्यापासून पहिल्यांदा तिला मैत्रिणी मिळाल्या आहेत. निशी-कसाईतल्या भारतीय मंडळींचं नदीकाठचं क्रिकेटही नेमकं रविवारीच. तुमचं पत्र आलं की ही बॅट घेऊन आरशासमोर उभी राहते. तेव्हा बाबा, राग मानू नका, पण ग्रेव्हनीला जरा विश्रांती द्या. ती पुन्हा एकटी पडली तर मला बघवणार नाही.

अनुप म्हणतो, सासऱ्या-सुनेच्या मध्ये मी पडत नाही. तुमचाच मुलगा.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.
तुमची, अश्लेषा

पुणे, ३० मे २०२५

चि. सौ. अश्लेषा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी दुखावलो नाही असं लिहिणार होतो, पण दुखावलो. दोन दिवसांत ओसरलं. तू आई आहेस, तुला समोर दिसतं; मला इथून फक्त बॅट दिसते.

तसाही ग्रेव्हनी सध्या संघाबाहेरच आहे. १९६३ नंतर तीन वर्षं त्याला घेतलं नाही. खेळतो देखणा, पण कणखर नाही, असं निवडणाऱ्यांचं मत. तो तिथेच राहू दे.

यंदा पायरी आंबा बरा आला. गच्चीची गळती काढायला माणूस येतो म्हणतो आणि येत नाही. माझी तब्येत ठीक. नुपूरला पापा.

सगळ्यांना आशीर्वाद आणि तुला जास्तीचे.
दिगंबर

ग्योतोकु, १५ जून २०२५

तीर्थस्वरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

आंबे आणि गळती ऐकून झाल्यावर नुपूरने विचारलं की ग्रेव्हनीचं पुढे काय झालं. मीच थांबवलं म्हणून सांगितलं. त्यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. सॉफ्टबॉलला जाते, जेवते, दार लावून बसते. मोबाइलवर शोध म्हटलं, तर म्हणाली की आजोबा सांगतील तेच ऐकायचं.

हरले मी. लिहा तुम्ही. पण गोड गोड नको, खरं असेल तेच लिहा.

राग आला असेल तर तोही पत्रातून येऊ द्या.
तुमची, अश्लेषा

पुणे, २६ जून २०२५

चि. नुपूर हिस,
अनेक आशीर्वाद.

तर १९६६ साली ग्रेव्हनीला पुन्हा बोलावलं. लॉर्ड्सवरची कसोटी सुरू झाली तो त्याचा एकोणचाळिसावा वाढदिवस. त्याने ९६ केल्या. या वयात माणसं बागकाम करतात. पुढची तीन वर्षं तो असा खेळला की निवडणाऱ्यांना आपले शब्द गिळावे लागले.

यापुढचं तुला सांगणार नव्हतो. १९६९ साली एक कसोटी चालू असताना मधला रविवार सुट्टीचा होता. त्याच दिवशी दुसऱ्या गावात त्याला निधी मिळावा म्हणून खास एक सामना ठेवला होता. जाऊ नकोस म्हणून बजावलं असतानाही तो गेला. त्याला तीन कसोट्यांची बंदी झाली आणि पुन्हा कधी इंग्लंडच्या संघात घेतलं नाही. त्याने बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू आईचं ऐक. मैत्रिणी सांभाळ. कव्हर ड्राइव्ह कुठे पळून जात नाही.

तुझा आणि थोडा ग्रेव्हनीचाही,
आजोबा

ग्योतोकु, २१ जुलै २०२५

तीर्थस्वरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या नातीने मला न विचारता कारभार केला. क्लबच्या बाईंपुढे वाकून तिने सांगितलं की महिन्यातला एक रविवार मी क्रिकेट खेळणार. बाईंनी परवानगी दिली, पण मोठ्या स्पर्धेच्या संघातून नाव काढलं. स्पर्धा संपेपर्यंत ती बाकीच्यांचे चेंडू गोळा करणार. हिने ते कबूल केलं, घरी आली आणि रडली. मी आधी ओरडले, मग मीही रडले.

काल नदीकाठी सामना झाला. क्लबातली मियु नावाची मैत्रीण सायकलवरून बघायला आली. मीच बोलावलं असेल असं समजू नका. नुपूरने ऑफला पुढे पाय टाकून एक फटका मारला आणि मी किती वेळ टाळ्या वाजवत होते, ते मला अनुपने नंतर सांगितलं. व्हिडिओ काढायचा राहिला, माफ करा.

सोबत तिचा कागद आहे. मी एक अक्षरही सांगितलेलं नाही.

तुमचा हात आमच्या डोक्यावर असाच राहो.
तुमची, अश्लेषा

आजोबांना,
शि. सा. न.

मी अकरा रन काढले. मग बॉल मारला आणि सॉफ्टबॉलसारखी बॅट टाकून पळाले. बॅट हातात असती तर पोचले असते. रनआउट. सगळे हसले. मियु हसली नाही, तिला वाटलं बॅट टाकायचीच असते.

आजपासून चेंडू गोळा करते. खूप आहेत.

तुम्ही एक लिहिलं नाही. त्या रविवारी ग्रेव्हनीला मजा आली का?

मला आली.

नुपूर