सालांची बरणी

प्रिय सूनबाई,

फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझ्या गॅसवरचं दूध नेमकं उतू जातं, म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र मध्येच बंद करता येत नाही. फार तर उशीखाली सारून ठेवता येतं, पण मग झोप लागत नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचा तो हक्कच आहे. वाचनालयातली बाई आता मला बघितलं की खिडकीजवळची खुर्ची रिकामी करून देते, आणि मी काय वाचतेय ते चष्म्यावरून वाकून बघते. सध्या मी काय वाचतेय ते पुढे सांगते.

परवा तू भरून ठेवलेली फवाऱ्याची शेवटची बाटली संपली. आरसा पुसायला घेतला, दट्ट्या दाबला तर नुसती हवा आली. पुन्हा दाबला, पुन्हा हवा. मग मी फडकं घडी करून ठेवलं. आरसा तसाच राहिला.

तू या घरात आलीस तेव्हा हे फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. जन्मभर लाकूड घासून पॉलिश करायचं काम, त्यामुळे छातीत भुसा आणि वार्निश यांचा मुक्काम कायमचा. खोकला आम्हाला घरातल्या घड्याळासारखा झाला होता, आवाज ऐकूच यायचा नाही. तो तुला ऐकू आला. एके दिवशी फरशी तूच पुसलीस, नुसतं गरम पाणी आणि चमचाभर साबण घालून, आणि यांच्याजवळ भाजी निवडत बसलीस. यांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या वेळी तू माझ्या पद्धतीने फिनेल घालून पुसलीस, आणि यांना पहिल्या पानावरच ठसका लागला. तू माझ्याकडे फक्त बघितलंस. सासूला तिच्याच घरात चूक सांगायची आणि तिचा पाणउतारा होऊ द्यायचा नाही, हे मला तुझ्या वयात जमलं नसतं. खरं तर आताही जमत नाही.

मग घरात व्हिनेगरचा कॅन आला. काचेला व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, सिंकला खायच्या सोड्याची ओली चटणी, आणि वासासाठी लिंबा-संत्र्याची सालं बरणीत घालून वर व्हिनेगर. मी तुला विचारलं होतं, घर पुसायचंय की मुरवायचंय? तू हसलीस आणि बरणी खिडकीत ठेवलीस. पण तुझी खरी हुशारी मला वेगळ्याच गोष्टीत दिसली. तू यांना काम दिलंस. घरातला आजारी माणूस म्हणजे जपून ठेवायची वस्तू, असं आम्ही सगळे वागत होतो. तू म्हणालीस, बाबा, तुम्ही आमचं नाक. झालं, यांची कॉलर ताठ. नवीन बाटली भरली की तू फडक्यावर दोन फवारे मारायचीस, हे आधी फडकं हातभर लांब धरायचे, मग हळूहळू जवळ आणायचे, आणि मग ते वाक्य एका दमात म्हणायचे: ‘ही बाई माझं ऐकत नाही, मी हिचं ऐकत नाही, तरी संसार झाला बघा.’ खोकला न येता पूर्ण झालं तर बाटली पास. आला तर तू मुकाट्याने ती मोरीत ओतायचीस, पाणी वाढवून नवीन करायचीस. ‘थोडंसंच तर चुकलं’ असं तू एकदाही म्हणाली नाहीस.

आणि तो पराक्रम आठवतो ना? तू बाहेर गेली होतीस. यांनी ठरवलं, व्हिनेगर चांगलं, सोडाही चांगला, मग दोन्ही एकत्र केले तर किती चांगलं होईल. पॉलिशवाल्याची खोड, सगळं मिसळून बघायचं. बाटलीत दोन्ही घातलं आणि वर झाकण घट्ट लावलं. झाकण जे उडालं ते थेट दिव्यावर, आणि बाकीचं माझ्या वाचनालयाच्या पुस्तकावर. तू आलीस, छताकडे बघितलंस, आणि शांतपणे सांगितलंस, बाबा, दोघं एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात, हाती नुसतं खारट पाणी उरतं. आणि कोंडलं तर असं होतं. यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणाले, हे तर मला लग्नानंतर लगेच कळलं होतं. आठवडाभर त्यावर हसत होते. हसताना खोकत होते आणि खोकताना हसत होते.

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंना तू पहिली बाटली दिलीस, मग अख्खा जिना मागायला लागला. एकदा सगळ्यांना वाटून आलीस आणि दारातच थबकलीस. ब्लीचमध्ये हे कधी मिसळू नका, विषारी वाफ होते, हे सांगायचं राहिलं होतं. पायात चपला होत्याच, पुन्हा प्रत्येक दार वाजवून आलीस. हे म्हणाले, या पोरीच्या हातात मी डोळे मिटून श्वास घेईन.

हे गेल्यापासून तू एकही बाटली भरली नाहीस. आता तुम्ही दुसऱ्या गावी राहता; मागच्या खेपेला आलीस तेव्हा पिशवीतून दुकानातली निळी बाटली काढलीस, सगळ्या खिडक्या उघडून फरशी पुसलीस, आणि खिडकीतल्या बरणीला हात न लावता तिच्या बाजूने पुसत गेलीस. का ते मला कळत होतं. लोक भेटायला आले त्या दिवशी आत्या म्हणाली होती, घरात सून रोज काय काय फवारायची, त्या छातीला ते सोसलं असेल का. तीही भाऊ गमावून बसली होती, कुणावर तरी राग काढायचा होता. ते ऐकून तू पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलीस, आणि मी तिला काय सांगितलं ते तू ऐकलंच नाहीस. ते तुझ्यापर्यंत पोहोचावं, एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. मी म्हणाले, वन्सं, याच घरात तो माणूस पुन्हा पूर्ण वाक्य बोलायला लागला होता. तरी माझ्या बोलण्यावर तू विसंबू नयेस, म्हणून मी वाचनालयात छातीच्या आजारांवरचं जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं, आणि जे कळलं नाही ते यांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, छाती कारखान्यातच गेली होती, घरची हवा सोसत होती म्हणून ते इतके दिवस घरी राहू शकले. आणि एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. दवाखान्यात शेवटी यांना तिथल्या वासाचा त्रास व्हायला लागला, तेव्हा यांनी खुणेने तुझी बाटली मागितली. नर्सला विचारून मी उशाजवळचं टेबल पुसलं, फडकं यांच्यापुढे धरलं. वाक्य ‘तरी’पर्यंत आलं. पुढचा श्वास पुरला नाही, पण खोकला आला नाही. हाताने सांगितलं, पास. खिडकीतली बरणी यांनी स्वतः भरलेली आहे, सालं आता पार फिकी पडलीत, झाकण मी उघडलेलं नाही. तू ये, आपण गाळू. नाक माझं तेवढं तिखट नाही, पण वाक्य मला पाठ आहे.

तुझीच,
आई