मिंट सोडून काहीही

२ मार्च, सोमवार

संध्याकाळी साडूकडे चहा. चहा बरा होता. बाकी सगळं असह्य.

त्याने लॅपटॉप दाखवला. आमच्याकडे आहे तोच, त्याच वर्षीचा. दोघी बहिणींनी एकदमच घेतले होते. आमचा चालू व्हायला लागला की ही तेवढ्यात भाजी चिरून घेते. त्याचा मात्र बटण दाबताच उघडला. विंडोज काढून लिनक्स टाकलंय म्हणे. लिनक्स मिंट. फुकट मिळतं, जुन्या मशीनवर पळतं, नवशिक्यालाही जमतं. हे सगळं तो पाय पसरून, तोंडात बिस्किट ठेवून सांगत होता. हिने विचारलं, फार अवघड गेलं का हो? तर म्हणतो, छे, मी दुपारी झोपून उठेपर्यंत झालंसुद्धा.

झोपेत करतो म्हणे! गर्वालाही काही मर्यादा असते.

मेहुणी नुसती हसत कप उचलत होती. नवऱ्याचं कौतुक अंगावर मिरवणं काहींना जमतं. आमच्या हिच्या डोळ्यांत मात्र जे दिसलं, ते मी लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलेलं नाही.

परत येताना म्हणाली, अहो, तेवीस तारखेला माझा क्लास सुरू होतोय, आपलाही तसाच करून घेऊ या का? मी म्हटलं, घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? त्यावर कोण माणूस म्हणाली. विनोदाने म्हणाली असावी.

३ मार्च, मंगळवार

संकल्प. लिनक्स मीच टाकणार. मिंट सोडून काहीही टाकणार. साडूला एक अक्षर विचारणार नाही. आणि मनात कुठलाही आकस ठेवणार नाही, त्या मूर्खाविषयीसुद्धा.

प्रश्न हिच्या क्लासचा आहे, माझा नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात बसून लोकांच्या पँटी आखूड केल्या, आता स्वतःचं शिकवणार. शिवणकाम, ऑनलाइन. बाही, कॉलर, चोरखिसा. नऊजणींनी नावं दिली आहेत. कटिंगच्या आकृत्या हिने महिनाभर खपून लॅपटॉपवर काढल्या आहेत. असा क्लास सुरू होताना लॅपटॉप कण्हत बसला तर शोभेल का? आणि साडूने येऊन तो बरा केला तर? ते तर अजिबातच शोभणार नाही.

५ मार्च, गुरुवार

ऑफिसात अभ्यास केला. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. माझ्या हातून सहजासहजी काही मंजूर होत नाही, त्यामुळे निवडीचं काम मला सोपं जावं.

लिनक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. शेकडो प्रकार आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. इंजिन तेच, बाहेरची गाडी ज्याची त्याची वेगळी. एका फोरमवर रीतसर प्रश्न टाकला. लॅपटॉप जुना आहे, मिंट नको, पण मिंटपेक्षा सरस काहीतरी सुचवा.

भरपूर उत्तरं आली. बहुतेकांनी मिंट सुचवलं. जगात एवढे साडू असतील याची कल्पना नव्हती.

८ मार्च, रविवार

छाननी.

लुबुंटू. हलकं आहे, जुन्या मशीनला मानवतं. पण दिसायला साधं. साडू वाकून बघेल आणि साधंच आहे की म्हणेल. नामंजूर.

झोरिन. विंडोजसारखं दिसतं. मग बदललं हे लोकांना कळणार कसं? नामंजूर.

पपी. फारच हलकं. पण हे नाव चारचौघांत तोंडातून काढायचं कसं? नामंजूर.

शिवाय प्रत्येकाच्या पानावर 'नवशिक्यांसाठी उत्तम' असं लिहिलेलं. मी नवशिका नाही. मी फक्त अजून सुरुवात केलेली नाही.

हिने विचारलं, ठरलं का? मी म्हटलं, नीट निवडलं की ऐंशी टक्के काम झालं. म्हणाली, मग उरलेलं वीस टक्के तरी सुरू करा.

१० मार्च, मंगळवार

सापडलं! आर्च. जाणकारांचं लिनक्स. यात आयतं काही मिळत नाही, एकेक वीट आपण रचायची. नवशिक्यांनी याच्या वाटेला जाऊ नये असं सगळे बजावतात. म्हणजे साडू बाद.

बाथरूमच्या आरशासमोर म्हणून पाहिलं. 'आम्ही आर्च वापरतो.' भुवया आपोआप वर गेल्या.

जेवताना हिला निर्णय सांगितला. तिने पोळी वाढता वाढता विचारलं, त्यांच्याकडचं चांगलं चाललंय ना, मग तेच का नको? मी म्हटलं, त्यांच्याकडचं चांगलं चाललंय म्हणूनच. नंतर वाटलं, हे वाक्य जरा वेगळ्या प्रकारे मांडायला हवं होतं.

१२ मार्च, गुरुवार

मेहुणीचा फोन. म्हणाली, भाऊजी, माझं ऐका, मिंटच टाका. आणि लगेच काही पुसू नका, आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, वायफाय लागतं का, आवाज येतो का, तशी सोय असते त्यात. घडाघडा बोलत होती. नवऱ्याने चांगलंच पाठ करून घेतलेलं दिसतं. स्वतः फोन करायची छाती नाही, बायकोला पुढे करतो.

मी म्हटलं, काळजी करू नका, मी फार पुढे गेलोय.

संध्याकाळी ही लॅपटॉप पिशवीत घालून बहिणीकडे गेली आणि थोड्या वेळाने परत आली. कशाला गेली होतीस? गप्पा मारायला म्हणे. लॅपटॉप घेऊन कसल्या गप्पा? तो तिथे पाय पसरून बसलेला असणार. जेवण गेलं नाही. भात फक्त दोनदा घेतला.

१५ मार्च, रविवार

सकाळी. पेनड्राइव्ह तयार. मन शांत. हिला हॉलमधून जायला सांगितलं.

काळा पडदा आला. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकते आहे. माउसला काही काम नाही. सगळं टाइप करायचं. भारदस्त वाटतं.

दुपारी. डिस्क पुसायची का असं विचारलं. मी हो लिहिलं. दावे विभागात इतकी वर्षं काढली, पण इतक्या ठामपणे हो कधी लिहिलं नव्हतं. डिस्क पुसली गेली. हा टप्पा शंभर टक्के यशस्वी.

संध्याकाळी. वायफाय लागत नाही. पुढचं सगळं नेटवरून उतरायचं आहे. हे नीट आधी लिहून ठेवायला नको का? लिहिलेलं आहे, पण दुसऱ्या पानावर.

ही विचारून गेली, काय चाललंय? मी म्हटलं, पाया घालतोय.

त्यानंतर आकृत्या आठवल्या. हिच्या कटिंगच्या. त्या त्याच डिस्कवर होत्या.

१७ मार्च, मंगळवार

हिला अजून सांगितलेलं नाही. अशा गोष्टींना वेळ साधावी लागते. तोवर आकृत्या स्वतःच काढून ठेवाव्यात म्हणून ऑफिसात एका नामंजूर दाव्याच्या पाठीवर बाही काढून पाहिली. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, हत्ती छान आलाय.

ही मात्र एकदम निवांत. येता-जाता हसून विचारते, पाया झाला का? मी खिशातली बाही आणखी आत सारतो.

१९ मार्च, गुरुवार

साडूचा फोन आलाच. काय साडूभाऊ, कसं चाललंय? मी म्हटलं, आमचं जरा वेगळ्या पातळीवर चाललंय. तो हळूच विचारतो, तुम्ही स्वतः करताय? स्वतःच्या हाताने? मी म्हटलं, नाहीतर कोणाच्या?

त्याच्या आवाजात मत्सर होता. मला तो लगेच ओळखू येतो. दुसऱ्यांचा.

आठवडाभरात पहिल्यांदा झोप लागली.

२१ मार्च, शनिवार

लॅपटॉप उघडला की अजून काळा पडदाच. आज वेळ साधली. ही कणीक मळत होती, हात गुंतलेले, म्हणजे काही फेकून मारण्याची शक्यता कमी. म्हटलं, ऐक, तुझ्या आकृत्या गेल्या.

म्हणाली, कुठे गेल्या? बहिणीकडे आहेत. तुम्ही त्या दिवशी जेवताना ते आर्च का फार्च म्हणालात ना, तेव्हाच ठरवलं. नेऊन तिच्या मशीनवर उतरवून ठेवल्या.

मी म्हटलं, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही? म्हणाली, पूर्ण आहे, म्हणून तर नेल्या.

मग कणीक बाजूला ठेवली. म्हणाली, अहो, परवा नऊजणी माझ्यासमोर बसणार आहेत. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडून शिकायला येतंय. तुम्हाला कोणाला काय दाखवायचं ते नंतर दाखवा. मला चालणारा लॅपटॉप द्या.

मी पेनड्राइव्ह काढून तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, बोलाव त्याला.

म्हणाली, त्याला कशाला?

२२ मार्च, रविवार

मेहुणी आली. हातात पेनड्राइव्ह. मागे साडू, हातात तिची पर्स.

तिने लॅपटॉप उघडला, पडदा पाहिला आणि म्हणाली, भाऊजी, पुसलंत मात्र स्वच्छ हं, तेवढं माझं काम वाचलं. दोघी बहिणी खिदळल्या. आम्हा दोघांना गॅलरीत पाठवण्यात आलं.

म्हणजे त्याच्या लॅपटॉपवरही मेहुणीनेच टाकलं होतं. तो खरोखरच झोपला होता.

गॅलरीत साडू कठड्याला टेकून म्हणाला, तुमचं बरं आहे साडूभाऊ. मला तर जवळही फिरकू दिलं नाही. उठलो तेव्हा सगळं झालेलं. तुम्हाला निदान पुसायला तरी मिळालं. खोटं कशाला बोलू, गुरुवारपासून जळतोय तुमच्यावर.

मी एवढे दिवस ज्याच्यावर जळलो, तो हा! एवढा उत्तम प्रतीचा मत्सर फुकट गेला. आता तो मेहुणीकडे वळवावा तर ती भाऊजी म्हणून चहाही आणून देते.

आतून हिचा आवाज आला, अय्या, लागलं की वायफाय! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

टाकलं अर्थातच मिंट.

२३ मार्च, सोमवार

क्लास झाला. मी पॅसेजमध्ये उभा राहून ऐकला. ही बाहीची गोलाई शिकवत होती. एकीला जमेना तर म्हणाली, घाबरू नकोस, कापड काही चावत नाही, पुन्हा आख. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. नऊजणी तो ऐकत होत्या. नऊजणींवर एकदम जळणं दमवणारं काम आहे.

ती आत गेल्यावर लॅपटॉप पाहिला. उघडताना दोन नावं येतात. एक तिचं. दुसरं 'पाहुणा'. हे कोण, म्हणून हाक मारून विचारलं. स्वयंपाकघरातून म्हणाली, ते तुमचं, मुद्दाम करून घेतलंय. हवं ते करा त्यात, बंद केलं की आपोआप पुसलं जातं, मला काही धक्का लागत नाही.

साडूला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं, तुमच्याकडे उघडताना कोणाचं नाव येतं? म्हणाला, हिचं आणि खाली माझं, पण माझा पासवर्ड मला माहीत नाही, तो हिलाच विचारावा लागतो.

म्हणजे नाव तरी आहे त्याचं.